छंदाचा रकाना

नील आणि ईशा,

नीलचा कॉलेजचा फॉर्म मिळाला. तपासून पाठव, असं तुमच्या आईनं लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि एकही खूण न करता, आला तसा परत पाठवला. छंदाच्या रकान्यात नीलनं लिहिलंय की त्याला तुमच्या शहरातल्या बसचे मार्ग पाठ करायला आवडतात. समोर तुमच्या आईनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आहे. ते मी खोडलं नाही आणि त्याला उत्तरही दिलं नाही. जन्मभर इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या आईनं एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही, म्हणून तुमची आई फोनवर जरा नाराज झाली. तिला म्हटलं, कारण लिहून कळवते. हे ते कारण. लांबलं आहे. आईला दोन बैठकींत वाचून दाखवायला सांगा.

इथं तो हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत येता, त्यामुळे नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पण पोळ्यानंतर पाऊस उघडीप देतो आणि जमिनीतून वाफ वर येते, तो उकाडा तुम्ही पाहिलेला नाही. कूलर लावला तर अंग चिकट होतं, बंद केला तर जीव जातो. याच दिवसांत कॉलेजांमध्ये कंपन्या येतात. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत तीन घरांत इंजिनिअरिंगची मुलं भाड्यानं राहतात. वर्षभर अर्ध्या चड्डीत ओट्यावर बसणारी ही मुलं आता सकाळी पांढरा शर्ट, काळी पँट आणि चकचकीत बूट घालून निघतात. सिमेंट रोडसाठी गल्ली खोदून ठेवलेली, त्यामुळे कोपऱ्यावर पोचेपर्यंत बुटांचा चिखल होतो. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल आणि ओठांवर पुटपुट. मी फुलं तोडताना ऐकते. ‘आय ॲम अ टीम प्लेअर, आय ॲम अ क्विक लर्नर.’ देवळात प्रदक्षिणा घालणारी माणसं पुटपुटतात, अगदी तसंच. मला चिडायला होतं. आणि मग आठवतं की हीच पुटपुट मागच्या वर्षी माझ्या घरात चालायची आणि ती मी लिहून दिलेली होती.

ऋतुजा माझ्या चुलतभावाची नात. नात्यानं तुमची बहीणच. तिचा बाप दिवाकर उमरेडला मागावरचं काम शिकला, पण माग बंद झाले तेव्हा मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे लागला. मागच्या ऑगस्टमध्ये तो तिला मोटरसायकलवर घेऊन आला. शेवटच्या वर्षाला होती. हॉस्टेलच्या खोलीत चौघी जणी, बोलायचा सराव करायला जागा नाही, म्हणून दिवाळीपर्यंत माझ्याकडे.

“आत्या, हिचं इंग्लिश तेवढं करून द्या,” दिवाकर दारातूनच म्हणाला. “बाकी पोरगी हुशार आहे. दिवाळीपर्यंत कंपनी लागली त लागली. नाही त उमरेडले एका हापिसात ऑपरेटरची जागा आहे, साहेबानं शब्द देल्ला आहे. दिवाळीनंतर थो थांबत नाही.”

“मले नाही करायचं ऑपरेटरचं,” ऋतुजा बुटांची लेस सोडता सोडता म्हणाली.

“त मंग आत्याचं ऐक.”

झालं. त्या एका वाक्यानं मला जे हवं होतं ते मिळालं. मी त्याच संध्याकाळी वेळापत्रक आखलं. सहा ते सात उच्चार. सात ते साडेसात वर्तमानपत्र मोठ्यानं. कॉलेजहून आल्यावर प्रश्नोत्तरं. शनिवारी लुटुपुटूची मुलाखत, त्यात मी टेबलाच्या पलीकडे आणि ती दार वाजवून आत येणार. कागद फ्रिजवर चुंबकानं लावला. तिनं तो वाचला आणि म्हणाली, “आजी, यात जेवण कुठी आहे?” मी जेवण घातलं. तेवढीच एक दुरुस्ती तिनं सुचवली आणि मी मान्य केली.

मग तिचा बायोडेटा तपासायला घेतला. लाल पेन. सवय हो, जात नाही. छंदाच्या रकान्यात तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, मागावर धागे जोडणे.

“हे काय?”

“मले आवडते थे.”

“हा छंद नाही. हे काम आहे.”

“काम आवडलं त छंद नाही होत का?”

“नाही. छंद म्हणजे वाचन, संगीत, बागकाम. आणि ‘थे’ नाही, ‘ते’.”

मी ओळ खोडली आणि वर लिहिलं, वाचन. तिनं त्या खोडलेल्या ओळीकडे थोडा वेळ पाहिलं. मला वाटलं, पटलं.

पहिली कंपनी आली तेव्हा गणपती बसलेले होते. आमच्या चौकातल्या मंडपात सकाळपासून भोंगा सुरू, आणि त्या गोंगाटात मी तिला गटचर्चेचे नियम सांगत होते. पाठ ताठ. हात टेबलाखाली नाही. आणि दुसऱ्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. ती दुपारी दोनलाच परत आली. बूट तसेच हातात.

“काय झालं?”

“नाही घेतलं पुढच्या राउंडले.”

“काय बोललीस?”

“काहीच नाही बोलली.”

“काहून?” इतकी चिडले होते की ‘का’ऐवजी माझ्याच तोंडून ‘काहून’ गेलं.

“तुम्हीच म्हणाल्या न, दुसऱ्याचं पुरं झाल्यावर बोलायचं. आजी, तिथं कोनाचंच पुरं होत नव्हतं. दहा जणं एकावर एक बोलून राहिले होते. मी थांबली. थांबली, थांबली, आन् टाइम संपला.”

तिच्या सांगण्यावरून, पाठीत त्या दिवशी खरंच एक बाक नव्हता. हात टेबलावर होते. सगळं मी सांगितलं तसं केलं होतं. मी वेळापत्रकात ‘मध्येच बोलण्याचा सराव’ असा एक तास वाढवला. सभ्यपणे मध्येच कसं बोलावं याची पाच वाक्यं लिहून दिली. आज त्या कागदाची मला लाज वाटते, पण तेव्हा मी त्याच्या दोन प्रती काढल्या होत्या.

सप्टेंबर सरत आला तसा उकाडा वाढला. कूलरची टाकी ती भरायची, मी खिडकीशी बसून प्रश्न विचारायची. तिचा कॉलेजचा प्रकल्प दवाखान्यातल्या रांगेवर होता. त्यावर मी तिला एक उतारा तयार करून दिला होता, चांगला दीड पानी. ‘प्रस्तावित प्रणाली रुग्णांचा प्रवाह कार्यक्षम करते’ असा त्याचा इंग्रजी थाट. ती तो न अडखळता म्हणायची. मी वीस वेळा ऐकला असेल. प्रणाली नेमकं करते काय, हे मला एकदाही समजलं नव्हतं, आणि समजलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या कंपनीत ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. दिवाकरचा मौद्याहून दोनदा फोन. मी पुरणाची डाळ भिजत घातली. ती आली आणि खुर्चीत बसून पंख्याकडे बघत राहिली.

“मॅडमनं विचारलं, फ्री टाइममध्ये काय करता. मी म्हटलं, वाचन. त्यायनं विचारलं, एवढ्यात काय वाचलं. मी तुमच्या कपाटातल्या एका पुस्तकाचं नाव सांगितलं.”

“कुठल्या?”

तिनं नाव सांगितलं. उत्तम पुस्तक. मी खूश झाले.

“त्या म्हणाल्या, अय्या, माह्यं सगळ्यात आवडतं पुस्तक. मग सांगा, शेवट तुम्हाले कसा वाटला.”

“मग?”

“मले शेवट कुठं माहीत आहे? मी मागचं कव्हर वाचलं होतं.”

“ऋतुजा, दीड महिना झाला तुला इथं येऊन. एक पुस्तक वाचता आलं नाही?”

तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. “कधी वाचू? तुमच्या टाइमटेबलात वाचायचा टाइमच नाही ठेवला.”

मी उठून वेळापत्रक पाहिलं. खरंच नव्हता. उच्चार होते, वर्तमानपत्र होतं, मध्येच बोलणं होतं, जेवणही होतं. ज्या गोष्टीला मी तिचा छंद म्हणून लिहून दिलं, तिला मी स्वतः पंधरा मिनिटंही ठेवली नव्हती. डाळ गाळून ठेवून दिली आणि आमटीत संपवली.

मुलांनो, आता एक गोष्ट सांगते जी तुमच्या आईलाही ठाऊक नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी मी नागपूरला लेक्चररच्या मुलाखतीला आले, तेव्हा माझे वडील उमरेडहून एस.टी.नं माझ्यासोबत आले होते. घरी दोन माग होते आणि तालुक्यात त्यांच्यासारखी लुगड्याची किनार कोणी काढत नसे. मुलाखत चालू होती त्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते बाहेर बाकावर बसले होते. आतल्या एका गृहस्थांनी वडील काय करतात ते विचारलं. मी इंग्रजीत म्हटलं, ते टेक्स्टाइल्समध्ये आहेत. गृहस्थ म्हणाले, छान. परतीच्या एस.टी.त वडिलांनी विचारलं, “माह्याबद्दल काय म्हनलं वं त्याइले?” मी म्हटलं, चांगलंच म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत बराच वेळ हसत होते. मला नोकरी मिळाली. ते शब्द खोटे नव्हते, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यावरून मला काय ते कळायला हवं होतं.

ऋतुजाची ती ओळ खोडताना हे मला आठवलं नाही. डाळ गाळताना आठवलं. तरी मी सुधारले असं समजू नका. पुढच्याच रविवारी आमची पुन्हा ओढाताण झाली.

तिसरी आणि शेवटची कंपनी बुधवारी मुलाखत घेणार होती, तीही लॅपटॉपवर, घरबसल्या. आणि रविवारी सकाळी ही बाई ओढणी बांधून निघाली.

“उमरेडले चालली. सुभद्राआजीच्या मागावर नवा ताणा चढून राहिला. मले बोलावलं.”

“तीन दिवसांवर मुलाखत आहे.”

“आजी, त्याइच्याकडे दुसरं कोनी नाही.”

“मग मीही येते. बसमध्ये सराव करू.”

तिला ते नको होतं. पण ती ‘नाही’ म्हणाली नाही आणि मी प्रश्नांची वही घेऊन निघाले.

सुभद्राबाई माझ्या शाळेतली. तिचे मालक त्या गल्लीतला शेवटचा हातमाग चालवतात. लुगडी कोणी घेत नाही म्हणून उपरणी आणि पंचे विणतात. जोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. मागावर लांबीत ताणलेल्या सुताला ताणा म्हणतात. तो विणून संपला की माग रिकामा करत नाहीत. जुन्या धाग्यांची टोकं तशीच ओवलेली ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा एकेका जुन्या टोकाला जोडतात, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून ओवावं लागत नाही. बोटाला राख लावायची, दोन टोकं एकत्र धरायची आणि पीळ द्यायचा. गाठ मारायची नाही. गाठ पुढं सरकत नाही, अडकते. असे हजारावर धागे, एकेक करून. सुभद्राबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला धागा दिसत नाही. मालकांची बोटं जाड. म्हणून ऋतुजा.

ती मागाच्या आत शिरून बसली आणि मी बाहेर स्टुलावर वही उघडली. “टेल मी अबाउट युवरसेल्फ,” मी म्हटलं.

सुभद्राबाई म्हणाली, “इथं आली त इथलं बोल वं. पोरीले कायले छळून राहिली?”

“मुलाखत आहे तिची.”

“कायची? काय बनवलं तिनं?”

मी ऋतुजाकडे पाहिलं. ती दीड पानाचा उतारा म्हणेल असं वाटलं. तिनं मान वर केली नाही. बोटं चालूच. “सुभद्राआजी, तुम्ही डोळे दाखवाले गेल्त्या तवा किती वेळ बसल्या?”

“सकाळी आठले गेली, तीन वाजता नंबर आला. माह्यं जेवणच राह्यलं.”

“मी बनवलं थे आठ वाजताच सांगते का तुमचा नंबर तीन वाजता येईन. मंग तुम्ही घरी जायच्या, जेवायच्या, पावणेतीनले यायच्या. एका एका डॉक्टरले एका पेशंटले किती टाइम लागते, थे रोजचं पाहून पाहून थे शिकते.”

“आन् मधातच कोन्या साहेबाची बायको घुसली त?”

ऋतुजाची बोटं थांबली. “थेच त आहे न. थे म्या अजून नाही टाकलं. तिथंच माह्यं गणित चुकते.”

“मंग टाक. थे त रोजच घुसते.”

दोघी हसायला लागल्या. मी वही मिटली. वीस वेळा ऐकलेली गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा समजली, आणि ती मी तिच्या तोंडून घालवत आलेल्या बोलीत समजली. रागही आला. कोणावर, ते तुम्ही ओळखालच.

“तुले येत होतं न हे?” सुभद्राबाईनं मला विचारलं. “का सारं विसरली?”

मी बोटाला राख लावली आणि ऋतुजाशेजारी बसले. वीस-पंचवीस धागे जोडले असतील. चष्मा घसरत होता. ऋतुजानं नखानं एकेक ओढून पाहिला. अर्धे निसटले.

“आजी, पीळ ढिला आहे. पुन्हा करा.”

मी पुन्हा केले.

बसमध्ये मी प्रश्न विचारले नाहीत. मंगळवारी दिवाकरचा फोन आला, जरा वरच्या आवाजात. “आत्या, साहेबानं घाई केली, हापिसातल्या जागेसाठी आज हो म्हणाचं होतं. हे पोरगी म्हणते, त्या साहेबाले नाही सांगून द्या. तुम्ही सांगितलं का तिले असं?”

“मी काहीच सांगितलं नाही.”

“त मंग समजावा न तिले. उद्या थे कंपनी बी गेली त काय करन?”

मी फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, “बाबा, नाही म्हणजे नाही. पाह्यलं जाईन,” आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेली. बादलीतलं पाणी फरशीवर सांडलं. एकवीस वर्षांची मुलगी. मला वाटलं, आता तरी दोन मुद्दे सांगावेत. नाही सांगितले. फार कठीण गेलं, हे प्रामाणिकपणे लिहिते.

बुधवारी ती बैठकीत लॅपटॉपसमोर आणि मी स्वयंपाकघरात, मध्ये फक्त पडदा. बाहेर रस्त्याचं मशीन घरघरत होतं. समोरच्या माणसानं प्रकल्पाचं विचारलं. तिचं इंग्रजी सुरू झालं. साधी, छोटी वाक्यं, दोन ठिकाणी चुकीची क्रियापदं. एक म्हातारी सकाळी आठला दवाखान्यात जाते, तिचं जेवण राहतं. मी पोळपाटावर हात ठेवून उभी राहिले. मग त्या माणसानं विचारलं, यात काय जमत नाही? ती म्हणाली, मोठ्या साहेबाची बायको रांगेत घुसते, ते अजून जमत नाही. तो माणूस हसला. मग रांगेत घुसणाऱ्यांचं गणित कसं मांडता येईल यावर दोघं पंधरा-वीस मिनिटं बोलले, आणि ती त्याचं बोलणं मध्येच तोडून बोलत होती. छंदाबद्दल त्यानं विचारलंच नाही. ज्या रकान्यावरून मी एवढी महाभारतं केली, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी चार दिवस पत्र आलं. नोकरी पुण्याला, परीक्षा झाल्यावर रुजू व्हायचं. दिवाकर मौद्याहून पाळी संपवून तसाच आला, डोक्यावर अजून हेल्मेट. “आत्या, तुम्ही इंग्लिश करून देल्लं म्हणून,” तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत ऋतुजा म्हणाली, “हो बाबा.” आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी सभ्य मुलगी मी घडवली नव्हती, ती मुळातच तशी होती.

ती जुलैत गेली. आणि त्याच महिन्यात सुभद्राबाईच्या मागावरचा ताणा संपला. मालकांनी जुनी टोकं तशीच ठेवून माग झाकून टाकला. जोडणार कोण? ज्या नोकरीसाठी मी तीन महिने जीव काढला, तिनंच ती बोटं पुण्याला नेली होती. सुभद्राबाईनं मला फोन केला तो काही गाऱ्हाणं सांगायला नव्हे. माग मोडीत देतोय, तुला आठवण म्हणून आडवा धागा नेणारा धोटा हवा का, एवढं विचारायला.

मी म्हटलं, थांब, मी येते.

तेव्हापासून दोनदा जाऊन आले. ऋतुजाला एक दिवस लागायचा, मला चार लागतात. सुभद्राबाईकडेच मुक्काम करते. ती शेजारी बसून मला बोलत असते. “एवढी शिकली, आन् पीळ देता येत नाही.” तिचे मालक निसटलेला धागा नुसता बोटानं दाखवतात. पाठ धरते. मागच्या खेपेला ऋतुजाचा पुण्याहून फोन आला.

“ताणा कोनं जोडला?”

“मी.”

“खरं सांगा, किती निसटले?”

“शंभरेक.”

“बरं आहे,” ती म्हणाली. “पयल्या खेपेपेक्षा कमी.”

उद्या पुन्हा जायचं आहे, म्हणून हे आजच पुरं करते आहे. आमच्या लहानपणी उमरेडच्या त्या गल्लीत घरोघरी माग होता. आता एकच आहे आणि तो चालू आहे.

तुमची,
आजी